‘ऑईल टाकणे’ आणि ‘ऑईल बदलणे’ : स्वयंचलित गिअरपेटीतील द्रवाच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारीच्या निगेसंबंधी मराठीत जे बोलले जाते, त्यात ‘ऑईल’ या एका शब्दावर फार मोठा भार पडलेला आहे. इंजिनात असते ते ऑईल, गिअरपेटीत असते ते ऑईल, स्टिअरिंग हलके करते ते ऑईल आणि ब्रेकच्या नळ्यांतून दाब वाहून नेते तेही ऑईलच. यांपैकी शेवटचा पदार्थ तर रसायनदृष्ट्या तेल नव्हेच. प्रचलित ‘ब्रेक ऑईल’ हे बहुधा ग्लायकॉल वर्गातील द्रव्य असते आणि त्याच्या जागी खरोखरीचे खनिज तेल घातल्यास ब्रेकमधील रबरी भाग फुगून निकामी होतात. नाव एक आणि वस्तू अनेक, ही स्थिती भाषेला नवी नाही. प्रसंगावरून ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो आणि व्यवहार चालतो. परंतु जेथे नावावरूनच डबा निवडला जातो आणि डब्यातील पदार्थ बंद पेटीत ओतला जातो, तेथे अर्थाची ही सैलता महाग पडते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्रियेच्या आधारे केला आहे. कुटुंबाच्या वापरातील मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील द्रव बदलणे ही ती क्रिया होय. ही क्रिया कशी होते हे सांगणे आणि तिच्याविषयी बोलताना मराठी वक्ता कोणत्या शब्दांच्या, विशेषतः कोणत्या क्रियापदांच्या, आधाराने विचार करतो हे पाहणे, असा लेखाचा दुहेरी हेतू आहे.

हा विचार एखाद्या ठिकाणाशी बांधून घेतल्यास अधिक स्पष्ट होतो. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे त्या दृष्टीने सोयीचे आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाने या तालुक्याला उसाची ओळख दिली. दुसरीकडे, दरवर्षी ऊसतोडीसाठी बैलगाड्या जुंपून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणूनही बीड ओळखला जातो. अशा मुलखात बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मोटार ही तीन निरनिराळ्या काळांतील वाहने एकाच रस्त्यावर चालतात आणि त्यांच्या निगेचे शब्दही एकमेकांत मिसळतात. स्वयंचलित गिअरची मोटार ही या रांगेत शेवटी आलेली असल्यामुळे तिच्याविषयीचे बोलणे आधीच्या वाहनांकडून उसने घ्यावे लागते. ते कोणत्या वाहनाकडून घेतले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

२. तेल, वंगण आणि ऑईल

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ याचे रूप. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेले. पुढे अर्थविस्तार होऊन तो कोणत्याही बियांच्या स्निग्ध रसाला लागला. खोबरेल आणि एरंडेल या शब्दांत हेच ‘तेल’ झिजून ‘-एल’ एवढेच उरले आहे. दिव्यासाठी खनिज तेल आले तेव्हा इंग्रजी ‘रॉक ऑईल’चे ‘रॉकेल’ झाले आणि ते या ‘-एल’च्या पंक्तीत जणू जन्मापासूनच असल्याप्रमाणे बसले. ‘गॅसलाइट’वरून आलेले ‘घासलेट’ त्याच्या शेजारीच नांदले.

‘ऑईल’ हा शब्द मराठीत स्थिरावल्यावर ‘तेल’ नाहीसे झाले नाही. दोघांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली. स्वयंपाकघर, केस आणि देवापुढील समई यांचे ते तेल. यंत्राचे ते ऑईल. शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील सिद्धांत येथे अगदी सहज पडताळून पाहता येतो. इंग्रजीत ‘ऑईल’चा जो पसारा आहे तो मराठी ‘ऑईल’ला नाही. शेंगदाण्याच्या तेलाला घरात कोणी ऑईल म्हणत नाही आणि इंजिनाच्या ऑईलला गॅरेजात कोणी तेल म्हणत नाही. वस्तुतः या दोन क्षेत्रांतील सीमा निसर्गाने घातलेली नाही. एरंडेल हे एके काळी इंजिनांचेही उत्तम वंगण होते. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ साली प्रचारात आलेले व्यापारी नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर ऑईल’ या इंग्रजी नावावरूनच बनलेले आहे.

या दोहोंहून जुना आणि निराळ्या जातीचा शब्द ‘वंगण’ हा होय. तेल आणि ऑईल हे पदार्थाचे नाव सांगतात; वंगण हे कार्याचे नाव सांगते. आसावर घासणाऱ्या चाकाचे घर्षण कमी करणारे जे काही असेल ते वंगण, मग ते एरंडेल असो की चरबी असो. येथे क्रियापदाकडे लक्ष द्यावयास हवे. वंगण ‘घालतात’ किंवा ‘देतात’. वंगण ‘बदलत’ नाहीत. गाडीच्या आसावरचे वंगण सांडते, वाळते, धुळीत मिसळून निघून जाते, म्हणून पुन्हा घालावे लागते. वंगण हा खर्च होणारा पदार्थ आहे, आणि जो खर्च होतो तो संपत आला की भरावयाचा, अशी समजूत या क्रियापदात मुरलेली आहे.

इंजिन आले तेव्हा ‘बदलणे’ हे दुसरे क्रियापद आले. जुने काढावयाचे, ते कमी झाले म्हणून नव्हे तर खराब झाले म्हणून, ही कल्पना त्याच्याबरोबर आली. तरीही जुन्या क्रियापदाने माघार घेतली नाही. ‘गाडीला ऑईल टाकले’ या वाक्याचा अर्थ ‘कमी होते तेवढे भरले’ असाही होतो आणि ‘जुने काढून नवे भरले’ असाही होतो. इंजिनाच्या बाबतीत ही संदिग्धता फारशी अडत नाही, कारण इंजिन थोडे ऑईल जाळतेही आणि उरलेले खराबही करते. दोन्ही क्रिया तेथे रास्त ठरतात. स्वयंचलित गिअरपेटीत मात्र ही संदिग्धता थेट चुकीकडे नेते. का, ते कळण्यासाठी त्या पेटीतील द्रव काय काम करतो हे पाहणे आवश्यक आहे.

३. द्रवाची कार्ये

हाताने बदलावयाच्या गिअरच्या पेटीत तेलाचे मुख्य काम वंगणाचे असते. दंतचक्रे तेलात अर्धवट बुडालेली असतात, फिरताना ते उडवतात आणि स्वतःस व शेजारच्या भागांस भिजवतात. इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते ती पोलादी दात आणि कोरडा क्लच यांच्या मार्गाने. तेल त्या मार्गात साहाय्यक असते, वाहक नसते.

ज्या स्वयंचलित पेटीत टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेथे हा संबंध पालटतो. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांच्या चालनासाठी ज्या तत्त्वाचे एकस्व घेतले, तेच येथे वापरले जाते. एकाच बंद कवचात पात्यांची दोन चाके समोरासमोर असतात. पहिले इंजिनाबरोबर फिरते आणि द्रव बाहेरच्या कडेकडे फेकते. तो द्रव दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्यास फिरवतो. मध्ये असलेले तिसरे, दिशा वळविणारे चाक परतणाऱ्या द्रवाला अशा कोनात वळविते की गाडी हलताना ओढ वाढावी. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत पडणारे पाणी जे काम करते, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की येथे द्रव फेकण्याचे काम इंजिन करते आणि तोच द्रव पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश, गाडी सुटताना इंजिन आणि चाके यांच्यामध्ये द्रवाखेरीज दुसरा दुवाच नसतो.

दुसरे कार्य दाबाचे. इंजिनावर चालणारा पंप द्रवाला दाब देतो, झडपांचा संच तो दाब हव्या त्या क्लचकडे पाठवितो आणि त्यामुळे गिअर पडतो. मोटारचालकाच्या हाताचे आणि पायाचे काम येथे द्रव करतो. तिसरे कार्य घर्षणाचे. पेटीतील क्लचच्या चकत्या द्रवात भिजलेल्या असतात. त्यांनी एकमेकींना पकडावयाचे असते, परंतु झटका न देता. म्हणजे द्रवाने घर्षण नाहीसे करावयाचे नसून ठरावीक प्रमाणात राखावयाचे असते. चौथे कार्य उष्णता वाहून नेण्याचे, आणि पाचवे, ज्यासाठी मराठीत तयार शब्द आहे ते, वंगणाचे.

तिसऱ्या कार्यामुळे ‘वंगण’ या शब्दाची मर्यादा उघड होते. वंगण जितके निसरडे तितके चांगले, ही आसाची नीती आहे. गिअरपेटीच्या द्रवाला ती लागू नाही. याचे बोधक उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सने १९३९ साली, १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी, हायड्रामॅटिक ही स्वयंचलित पेटी बाजारात आणली. १९४९ साली त्या कंपनीने द्रवाची ‘टाइप ए’ ही प्रमाणित जात ठरविली आणि १९६७ साली ‘डेक्सरॉन’ हे नाव आले. त्याच सुमारास फोर्ड कंपनीने ‘टाइप एफ’ ही आपली जात ठरविली. दोन्ही द्रव लाल, दोन्हींचे वर्गनाम एकच. परंतु एकात घर्षण मवाळ करणारी द्रव्ये घातलेली आणि दुसऱ्यात ती नसलेली. एकाच्या जागी दुसरा घातला की गिअर एक तर झटक्याने पडे किंवा क्लच घसरून जळे. घर्षण मवाळ करण्यासाठी त्या काळी स्पर्म व्हेलच्या तेलाचा उपयोग होत असे. १९७० नंतर अमेरिकेत त्या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर कारखान्यांना पर्यायी रसायने शोधावी लागली. द्रवाचा ‘स्वभाव’ तेलात नसून त्यात मिसळलेल्या अल्प द्रव्यांत असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

४. बैलगाडीची उपमा आणि ट्रॅक्टरची उपमा

अपरिचित यंत्र समजून घेताना माणूस परिचित यंत्राची उपमा घेतो. स्वयंचलित मोटार ही ‘गाडी’ आहे, आणि गाडीला वंगण लागते. म्हणून आसाची उपमा पुढे सरसावते. तिच्या मागोमाग साध्या मोटारीच्या गिअरपेटीची उपमा येते, कारण दोन्ही मोटारीच. या दोन्ही उपमांत तेल हा साहाय्यक आहे. परिणामी ‘कमी असेल तर टाका, भरलेले असेल तर राहू द्या’ असा निष्कर्ष निघतो.

परंतु दिंद्रुडसारख्या गावी याहून अधिक योग्य उपमा उभी आहे. ती ट्रॅक्टरची होय. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरपेटी, मागचा आस, नांगर उचलणारे हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच तेल असते. तेथे तेल उचलते, म्हणजे दाब वाहून नेते. ब्रेकच्या चकत्यांमध्ये राहून घर्षण राखते. आणि दंतचक्रांना वंगणही देते. अशा ट्रॅक्टरमध्ये न जुळणारे तेल घातले तर ब्रेक दाबताना आवाज येतो, थरथर जाणवते, किंवा लिफ्ट मंद होते. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेस्त्री हे हाताने जाणतो. ‘ऑईल खराब झाले म्हणून हायड्रॉलिक उचलत नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याला ‘द्रव खराब झाला म्हणून गिअर पडत नाही’ हे समजावून सांगण्यास फार श्रम पडू नयेत. म्हणजे संकल्पना परिसरात आहे. ती मोटारीपर्यंत पोहोचत नाही, कारण ट्रॅक्टर ‘शेतीचा’ आणि मोटार ‘घरची’ असे वर्गीकरण आडवे येते. स्वयंचलित गिअरपेटी ग्रामीण विद्यार्थ्याला शिकवावयाची झाल्यास मोटारीकडून नव्हे, तर ट्रॅक्टरकडून आरंभ करावा, असे यावरून म्हणता येते.

५. ‘ऑटोमॅटिक’ : एक शब्द, चार यंत्रे

‘ऑईल’प्रमाणेच ‘ऑटोमॅटिक’ हाही शब्द अनेकार्थी झाला आहे. क्लचचे पायडल नाही ती गाडी ऑटोमॅटिक, ही बाजारातील व्याख्या. ती चालकाच्या पायावरून केलेली आहे. पेटीच्या रचनेवरून नव्हे. रचनेच्या दृष्टीने या शब्दाखाली निदान चार यंत्रे येतात.

पहिले यंत्र म्हणजे वर वर्णिलेली टॉर्क कन्व्हर्टरची पेटी. तिला जो द्रव लागतो त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ए.टी.एफ. म्हणतात. दुसरी सी.व्ही.टी.; हिच्यात ठरावीक गिअर नसून दोन कप्प्यांवर चालणारा पोलादी पट्टा असतो. पट्टा आणि कप्पी ही दोन्ही पोलादी, आणि त्यांच्यात घसरण होऊ द्यावयाची नाही; म्हणून तिचा द्रव निराळा असतो आणि साधा ए.टी.एफ. तिला घातक ठरू शकतो. तिसरी दुहेरी क्लचची पेटी; तिचे क्लच काही गाड्यांत कोरडे, काही गाड्यांत द्रवात भिजलेले असतात आणि द्रव त्याप्रमाणे बदलतो. चौथी ए.एम.टी.; भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीने ती सामान्य कुटुंबांच्या आटोक्यात आणली. ही वस्तुतः हाताच्या गिअरचीच पेटी असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्राकडे दिलेले असते. म्हणून तिच्या पेटीत हाताच्या गिअरपेटीचेच तेल असते, ए.टी.एफ. नव्हे, आणि जेथे ते काम दाबाच्या द्रवाने चालते, तेथे त्या द्रवाचा साठा स्वतंत्र असतो.

यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. ‘ऑटोमॅटिक गाडीचे ऑईल द्या’ या दुकानातील मागणीतील दोन्ही नामे संदिग्ध आहेत. जुनी मोटार विकत घेतलेल्या कुटुंबाकडे तिची पुस्तिका नसते, पेटीचा प्रकार ठाऊक नसतो, आणि लाल रंगावरून ओळख पटविण्याचा मोह होतो. परंतु रंग हे नाव नव्हे. ए.टी.एफ.ला लाल रंग दिला जातो तो इंजिनाच्या तेलापासून तो वेगळा दिसावा आणि गळती ओळखता यावी म्हणून. त्या रंगाचा गुणधर्माशी काही संबंध नाही. कित्येक गाड्यांच्या स्टिअरिंगमधील द्रवही लाल असतो आणि काही गाड्यांच्या रेडिएटरमधील कूलंटही लालसर असते. डब्यावरचे नावही सदैव पुरेसे नसते. ‘डेक्सरॉन-३’ या जातीचे परवाने देणे जनरल मोटर्सने २००६ अखेर थांबविले. तरीही त्या जातीस ‘योग्य’ म्हणविणारे डबे नंतरही विकले जात राहिले. अशा वेळी नावामागे उभे राहून जबाबदारी घेणारे कोणी नसते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली जात हीच एकमेव विश्वसनीय खूण होय.

६. जुने होणे

गिअरपेटी ही बंद पेटी आहे. ती द्रव जाळत नाही. म्हणून द्रवाची पातळी खाली गेली असेल तर त्याचा अर्थ एकच, तो कोठून तरी गळला आहे. तेथे नुसते ‘टाकणे’ म्हणजे गळती झाकणे होय. याउलट पातळी बरोबर आहे म्हणून द्रव चांगला आहे, असेही सिद्ध होत नाही. तो परिमाणाने कमी होत नाही. गुणाने जुना होतो. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते, घर्षण राखणारी द्रव्ये झिजतात, क्लचच्या चकत्यांची पूड त्यात मिसळते. तापमान दर सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यात माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी, घाट आणि गर्दीतून थांबत चालणे यांची भर पडते. पुस्तिकांतील ‘कठीण वापर’ या सदरात जे येते, ते या भागात नित्याचे आहे.

नवा द्रव तांबडा आणि पारदर्शक असतो. जुना तपकिरी होतो; केवळ तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. तो काळसर झाला असेल आणि जळका वास येत असेल, तर चकत्या जळू लागल्याची शक्यता असते. तो दुधाळ गुलाबी दिसला तर रेडिएटरमधील पाणी त्यात शिरले आहे असे समजावे. अशी गाडी पुढे चालवू नये.

येथे आणखी एका शब्दाचा विचार आवश्यक आहे. काही गाड्यांच्या पुस्तिकांत हा द्रव ‘लाइफटाइम’, म्हणजे आजीवन, असल्याचे सांगितलेले असते. प्रश्न असा की, आयुष्य कोणाचे? मोटारीचे, पेटीचे, की हमीच्या मुदतीचे? संबंधवाचक षष्ठी येथे गाळलेली आहे आणि वाचक ती आपल्या सोयीने भरून काढतो. गिअरपेट्या बनविणाऱ्या झेड-एफ या जर्मन कंपनीने आपल्या स्वयंचलित पेट्यांसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा उशिरात उशिरा ८ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा द्रव बदलण्याची शिफारस केली आहे. गाडी पाच-सात वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जाते आणि पहिल्या मालकाचे ‘आजीवन’ दुसऱ्या मालकाच्या दारात संपते, हे लक्षात ठेवणे हिताचे आहे.

७. प्रत्यक्ष क्रिया

द्रव बदलण्याची क्रिया वर्णन करण्यास सोपी आहे. तिच्यातील अडचणी बारकाव्यांच्या आहेत. गाडी सपाट जागी, पक्क्या आधारांवर उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये. पेटी कोमट असावी, अतितप्त नसावी. तप्त द्रवाने हात भाजतो. प्रथम भरण्याचा नट सैल होतो की नाही हे पाहावे आणि मगच काढण्याचा नट उघडावा. पेटी रिकामी झाल्यावर भरण्याचा नट अडकून बसल्याचे ध्यानात आले, तर गाडी जागची हलविता येत नाही.

‘ऑईलचा नट’ हे पदही येथे फसवे ठरते. गाडीच्या पोटाखाली इंजिनाचा एक आणि गिअरपेटीचा एक, असे निदान दोन नट असतात. इंजिनाचा समजून पेटीचा नट उघडणे आणि मग नवे ऑईल आधीच भरलेल्या इंजिनात ओतणे, हा अपघात अनेक देशांतील गॅरेजांत घडलेला आहे. एक पेटी कोरडी आणि दुसरी ओसंडलेली. दोन्हींचे नुकसान एका नामाच्या सैलपणाने होते.

निघालेला द्रव मोजावा. हे माप पुढच्या सर्व कामाचा आधार आहे. ज्या पेट्यांचे खालचे चेंबर उघडता येते, तेथे गाळणी आणि पॅकिंग बदलावे व लोहचुंबकावर जमलेली पूड तपासावी. मऊ करडा लेप हा झिजेचा नैसर्गिक अंश होय. धातूचे चरे किंवा तुकडे दिसले तर ते आजाराचे लक्षण समजावे. नट परत बसविताना नवे वॉशर घालावे आणि सांगितलेल्या बळानेच आवळावे. पेटी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिचे आटे लवकर जातात. मग स्वच्छ नरसाळ्याने, जितका निघाला तितका नवा द्रव भरावा, इंजिन चालू करावे, ब्रेकवर पाय ठेवून दांडा प्रत्येक स्थानी काही क्षण थांबवीत फिरवावा आणि शेवटी पातळी पाहावी.

पातळी पाहणे हाच या क्रियेतील सर्वांत नाजूक भाग होय. द्रव तापला की प्रसरण पावतो. म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच पाहावयाची असते. काही पेट्यांना तपासणीची पट्टीही नसते. इंजिन चालू असताना एका छिद्रातून जादा द्रव वाहून जाऊ देतात आणि धार बारीक झाली की नट लावतात. यासाठी काही पेट्यांना सुमारे ३५ ते ४५ अंश सेल्सिअस अशी मर्यादा दिलेली असते. थंड देशांत तेथवर पोहोचण्यास इंजिन काही वेळ चालवावे लागते. बीड जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी मात्र उभ्या गाडीतील द्रवच त्या मर्यादेच्या वरच्या टोकाशी आलेला असतो आणि इंजिन चालू करताच ती ओलांडली जाते. तेव्हा काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावे, हा साधा उपाय होय. पातळी जास्त झाली तर फिरणारे भाग द्रव घुसळून फेस करतात. कमी झाली तर पंप हवा ओढतो. दोन्ही प्रकारांत दाब तुटतो आणि गिअर घसरतो.

आणखी एक गोष्ट हिशोबाची आहे. नट उघडून निघतो तो सर्व द्रव नव्हे. पुष्कळसा टॉर्क कन्व्हर्टर, झडपा आणि नळ्या यांत राहतो. समजा, एकूण ८ लिटर द्रवापैकी ३ लिटर निघाला. एका वेळी ३/८, म्हणजे सुमारे ३८ टक्के द्रव नवा होतो. मध्ये गाडी चालवून हीच क्रिया तीनदा केल्यास जुना द्रव ५/८ चा घन, म्हणजे सुमारे २४ टक्के उरतो आणि नवा ७६ टक्के होतो. म्हणजे ‘बदलणे’ हे क्रियापदसुद्धा येथे काटेकोर नाही. एका वेळच्या कामाला ‘काही अंशी बदलणे’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

काढलेल्या द्रवाचे पुढे काय, हाही क्रियेचाच भाग आहे. गावाकडे ‘जळके ऑईल’ वाया जात नाही. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडास लावतात, बिजागऱ्यांना आणि आसाला देतात. म्हणजे मोटारीचा टाकाऊ द्रव पुन्हा वंगणाच्या जुन्या वर्गात परततो. कायद्याच्या भाषेत मात्र वापरलेले तेल हा २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचरा आहे आणि त्याच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. ते नाल्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये, झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

८. परिभाषेचा प्रश्न

यासाठी मराठीत कोणती संज्ञा असावी? शास्त्रीय परिभाषेच्या नियमाने ‘स्वयंचलित पारेषण द्रायु’ अशी रचना करता येते. द्रव आणि वायू या दोन शब्दांच्या जोडातून घडविलेला ‘द्रायु’ हा शब्द मराठी विश्वकोशाने वापरला आहे. परंतु पेटीत वायू नसून द्रवच असल्यामुळे येथे ‘द्रव’ पुरतो. ‘पारेषण’ हा शब्द २००५ साली स्थापन झालेल्या महापारेषण कंपनीमुळे विजेच्या तारांशी घट्ट बांधला गेला आहे. मोटारीच्या संदर्भात तो ऐकणाऱ्याच्या मनात दुसरेच चित्र उभे करील. ‘गिअरपेटीचा द्रव’ ही रचना लेखनाला पुरेशी आणि सुबोध आहे.

गॅरेजच्या व्यवहारासाठी मात्र ‘ए.टी.एफ.’ हे अर्थशून्य वाटणारे लघुरूपच अधिक उपयोगी ठरेल. परिभाषा पारदर्शक असावी, असे सामान्यतः मानले जाते. पण पारदर्शक शब्द जुन्या उपमा बरोबर घेऊन येतो. ‘ऑईल’ म्हटले की आस आणि वंगण आठवते आणि हात ‘टाकण्या’कडे वळतो. ‘ए.टी.एफ.’ काहीच आठवू देत नाही. ऐकणाऱ्याला तो ‘कोणता?’ असे विचारावयास लावतो, आणि या कामात तो प्रश्न विचारला जाणे हेच महत्त्वाचे आहे. सी.व्ही.टी. आणि ए.एम.टी. यांच्या बाबतीतही हेच खरे.

गिअरपेटीची दुरुस्ती ही द्रवाच्या किमतीच्या कित्येक पट खर्चाची असते आणि एका हंगामाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला ती सहज पेलत नाही. म्हणून काम झाल्यावर मालकाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर ‘ऑईल टाकले’ एवढेच न लिहिता पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात : पेटीचा प्रकार, द्रवाची पुस्तिकेतील जात, किती लिटर निघाला आणि किती भरला, पातळी कोणत्या तापमानाला पाहिली, आणि किलोमीटरचा आकडा. गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली तरी ही चिठ्ठी तिच्याबरोबर जाईल आणि पुढील मेस्त्रीला रंगावरून अंदाज बांधण्याची गरज उरणार नाही.